सावलीचा हिशेब

वसंत कानेटकरांचे ‘हिमालयाची सावली’ हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले. दि गोवा हिंदु असोसिएशनच्या त्या प्रयोगात डॉ. श्रीराम लागूंनी नानासाहेब भानू उभे केले आणि शांता जोगांनी बयो. २०१९ साली शरद पोंक्षे व शृजा प्रभुदेसाई यांनी त्याच भूमिका नव्या पिढीपुढे आणल्या. अर्धशतकानंतरही जे नाटक पुन्हा करावेसे वाटते आणि पाहून घरी गेल्यावर नवराबायकोत ज्याच्यावरून वाद होतो, त्याला अभिजात म्हणायला हरकत नसावी. परंतु या नाटकातील पत्नीविषयी जे बोलले जाते, ते मला पटत नाही. त्या बोलण्याशी या लेखात मला भांडण मांडायचे आहे. हे भांडण केवळ रंगभूमीपुरते असते तर मी ते नाट्यसमीक्षकांवर सोडले असते. पण तेच बोलणे आपल्या व्यासपीठांवरून, आपल्या सत्कारसमारंभांतून आणि कधीकधी आपल्या प्रवचनांतूनही ऐकू येते. म्हणून ते एका धर्मगुरूचेही काम आहे.

बयोविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, बयो ही एका थोर माणसाच्या पायातील बेडी आहे. नानासाहेब विधवांच्या शिक्षणासाठी देह झिजवीत आहेत आणि ही कोकणातली फटकळ बाई मीठमिरचीचा, मुलांच्या कपड्यालत्त्याचा, उद्याच्या जेवणाचा विषय काढून त्यांच्या ध्येयात मोडता घालते आहे. दुसरे मत वरवर उदार आहे. त्यानुसार बयो तोंडाने कितीही करवादली तरी अखेर पतिव्रताच. तिने नवऱ्याच्या तत्त्वासाठी सोसले, त्याच्यावर कोणी बोट उचलले की ती वाघिणीसारखी धावली, म्हणून ती थोर. ती हिमालयाची सावली. पहिले मत तिला हिणवते, दुसरे तिला हळदकुंकू लावून मखरात बसविते. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: तत्त्व नवऱ्याचे, आणि बायकोचे काम एवढेच की, तिने एकतर आडवे यावे किंवा बाजूला व्हावे.

मला म्हणायचे आहे ते याहून वेगळे आहे. बयोची कुरकुर हा तत्त्वाच्या मार्गातील अडथळा नाही. ती त्या तत्त्वाची नैतिक तपासणी आहे. नानासाहेब ज्या खात्यातून दान करीत होते ते खाते दोघांच्या नावावर होते, आणि सही मात्र एकाचीच होती. बयो विचारते ते फक्त इतकेच, की माझ्या सहीचे काय? हा प्रश्न क्षुद्र नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या कसोटीवर तो नाटकातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे.

नाटकाची कथा ज्या चरित्रावरून सुचली ते चरित्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. नावे बदलली, प्रसंग नाटककाराने कल्पनेने रचले. तरी नानासाहेब भानूंच्या मागे महर्षी धोंडो केशव कर्वे उभे आहेत आणि बयोच्या मागे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे. म्हणून थोडे मूळ इतिहासाकडे जाऊ.

आनंदीबाईंचे पहिले नाव गोदूबाई. लहान वयात लग्न झाले आणि आठव्या-नवव्या वर्षीच वैधव्य आले. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत त्या होत्या. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यांची परंपरा आपल्याहून वेगळी असली तरी एका ख्रिस्ती स्त्रीने उघडलेल्या या दारातून गोदूबाई अक्षरांच्या जगात आल्या, हे आपण विसरू नये. पुढे १८९३ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या विधुर कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या काळी हे लग्न म्हणजे बंड होते. मुरुडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. या बहिष्काराचे चटके दोघांनाही बसले. पण बाहेर विद्वानांचे वर्तुळ असलेल्या प्राध्यापकाला ते जसे बसतील, तसेच चार भिंतींत शेजारणीच्या वाळीत जगणाऱ्या बाईला बसतील असे नाही.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. त्यानंतर कर्वे महाविद्यालयातील काम आटोपून पायी हिंगण्यास जात, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचले आहे आणि ते वाचून आपले मस्तक योग्यच लवले आहे. त्या पुस्तकात नसलेला भाग असा: ज्या संस्थेचा जन्म विधवांच्या दुःखातून झाला, त्या संस्थेत संस्थापकाच्या पत्नीला मोकळेपणाने वावरता येत नव्हते. ती पुनर्विवाहित होती. तिचा वावर दिसला तर आश्रमात विधवांची लग्ने लावतात असा संशय पालकांच्या आणि देणगीदारांच्या मनात येईल, म्हणून तिने दूर राहावे, हे बरे मानले गेले. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाचा आधारस्तंभ झाली, कारण ती विधवाच राहिली होती. ज्या स्त्रीशी विवाह करून कर्व्यांनी आपले तत्त्व आचरणात आणले, तीच स्त्री त्या तत्त्वाच्या संस्थेला अडचणीची वाटू लागली! नाटककाराने रचलेला कोणताही प्रसंग या सत्याहून अधिक नाट्यपूर्ण नाही.

आणि विम्याची पॉलिसी. कर्व्यांनी आपल्या आयुष्याचा पाच हजार रुपयांचा विमा उतरविला होता. ती पॉलिसी त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. आज पाच हजार रुपयांत एका महिन्याचे किराणा सामान येते. तेव्हा तो एका कुटुंबाचा उद्याचा आधार होता. बहिष्कृत घर, लहान मुले, माहेर-सासर दोन्ही तुटलेले. उद्या नवऱ्याचे बरेवाईट झाले तर या बाईने कोणाच्या दारात उभे राहावे? आयुर्विमा हा पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या बायकोच्या उपयोगी पडायचा असतो. तो दान करणे म्हणजे स्वतःचे दान करणे नव्हे, तर तिच्या संभाव्य वैधव्याची शिदोरी दान करणे होय. विधवांसाठी झटणाऱ्या माणसाने एका भावी विधवेला उघड्यावर सोडले, हा विरोधाभास बायाला दिसला. तो तिला दिसला म्हणून ती संकुचित ठरते काय?

येथे मला कर्व्यांविषयी गैरसमज नको आहे. १९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ उभे केले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. आणि त्या सन्मानाच्या कितीतरी आधी हजारो मुलींच्या हातांत त्यांच्यामुळे पाटी आली होती. आज आपल्या ज्या मुली परिचारिका, शिक्षिका, अधिकारी झाल्या आहेत, त्यांच्या वाटेवरचा एखादा दगड त्यांनीही बसविलेला आहे. माझे भांडण त्यांच्या कार्याशी नाही. माझे भांडण आपल्याशी आहे. त्या कार्याची किंमत कोणी मोजली हे न विचारता आपण टाळ्या वाजवितो, त्याच्याशी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यापक हिताचा. एका घराने थोडी ओढ सोसली आणि हजार घरांचे भले झाले, तर काय बिघडले? हा हिशेब ऐकायला सोपा आहे. पण तो कोण मांडतो आहे ते पाहा. मी माझी भाकरी भुकेल्याला दिली तर तो त्याग. मी माझ्या शेजाऱ्याची भाकरी त्याला न विचारता भुकेल्याला दिली तर भुकेल्याचे पोट भरेल, पण त्याला त्याग म्हणता येणार नाही. अर्पण करण्यासाठी वस्तू आधी आपली असावी लागते. वेदीवर दुसऱ्याचे आयुष्य ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि विवाहाच्या संस्काराने दोघे एकदेह होतात याचा अर्थ एकाचा देह दुसऱ्याच्या ताब्यात जातो असा नव्हे. आपल्या विवाहविधीत धर्मगुरू दोघांनाही वेगवेगळे विचारतो आणि दोघांचीही संमती वेगवेगळी घेतो. ती संमती फक्त त्या एका सकाळपुरती असते काय?

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे आणि तो श्रद्धावंतांकडून येतो. प्रभू येशूनेच तर राज्यासाठी घरदार, पत्नी, भाऊ, आईवडील सोडणाऱ्याला आशीर्वाद दिला आहे! मग ध्येयासाठी संसाराकडे पाठ फिरविणारा नवरा शुभवर्तमानाप्रमाणेच वागला असे का म्हणू नये?

याचे उत्तर शुभवर्तमानातच आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू परूशी व शास्त्री यांच्यावर संतापतो. कशासाठी? त्या काळी एखादा मनुष्य आपले धन ‘कुर्बान’ म्हणजे देवाला अर्पण म्हणून जाहीर करी, आणि मग त्या धनातून म्हाताऱ्या आईबापांना काही देण्यास आपण बांधलेले नाही, असे सांगे. धर्माच्या नावाने घरच्या माणसाचा हक्क बुडविण्याची ही युक्ती प्रभूला इतकी घृणास्पद वाटली की, याने तुम्ही देवाची आज्ञाच रद्द करता, असे त्याने त्यांना ठणकावले. कोणत्याही विमा पॉलिसीवर ‘कुर्बान’ हा शब्द लिहिण्याआधी हा अध्याय वाचावा. देवाला आणि समाजाला द्यायचे धन आधी ऋणमुक्त असावे लागते. आणि पत्नीचे व मुलांचे ऋण हे पहिले ऋण आहे. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा मनुष्य विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असा कडक निर्णय तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे.

आणि ज्या पेत्राने सर्व सोडले म्हणून आपण त्याचा दाखला देतो, त्याच्या सासूच्या तापाची चौकशी प्रभूने स्वतः त्याच्या घरी जाऊन केली. पुढे करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना संत पौल सहज सांगून जातो की, इतर प्रेषित आणि केफा, म्हणजे पेत्र, आपल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतात. म्हणजे पेत्राने जाळी सोडली; बायको वाऱ्यावर सोडली नाही. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल पतिपत्नींना बजावतो की, प्रार्थनेसाठी एकमेकांपासून काही काळ दूर राहायचे झाले तरी ते दोघांच्या संमतीने असावे. वाचक बंधुभगिनींनो, हे नीट लक्षात घ्या. प्रार्थनेहून थोर ध्येय कोणते? आणि त्या प्रार्थनेसाठीसुद्धा जर पत्नीची संमती लागते, तर पगार, घर, मुलांचे शिक्षण आणि विम्याची रक्कम यांसाठी ती लागत नाही असे कोण म्हणेल?

ख्रिस्तसभेने हे तत्त्व केवळ उपदेशात ठेवलेले नाही, कायद्यात आणले आहे. विवाहित पुरुषाला कायमस्वरूपी डिकन म्हणून दीक्षा द्यायची असेल तर १९८३ सालच्या कॅनन कायद्याच्या संहितेनुसार त्याचे वय किमान पस्तीस असावे लागते आणि त्याच्या पत्नीची संमती असावी लागते. बिशपांनी हो म्हटले, धर्मग्रामाने हो म्हटले, तो स्वतः गुडघे टेकून तयार आहे. आणि पत्नी नाही म्हणाली तर दीक्षा नाही. सेवेच्या पाचारणापुढेही पत्नीचा शब्द पुसला जात नाही. उलट, आम्ही लॅटिन विधीचे धर्मगुरू अविवाहित राहतो त्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांतले एक साधे कारण असे की, ज्याला आपले सर्वस्व उधळायचे आहे त्याने त्या उधळणीत दुसऱ्या कोणाचे ताट पालथे करू नये. अविवाहित माणसाला आपले आयुष्य एका सहीने देता येते. विवाहिताला दोन सह्या लागतात. ज्याला ही दुसरी सही जाचक वाटते त्याने बोहल्यावर चढू नये.

आता परदेशातील एका पत्नीकडे वळू. तिचा नवरा आपल्या वेदींवर संत म्हणून उभा आहे. संत थॉमस मोर यांनी राजा आठव्या हेन्रीला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिला आणि ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रॉबर्ट बोल्ट यांनी १९६० साली त्यांच्यावर लिहिलेले नाटक इंग्रजी रंगभूमीवर गाजले आणि १९६६ साली त्यावर चित्रपटही निघाला. त्यात मोर यांची दुसरी पत्नी ॲलिस आहे. तीही फटकळ, रोखठोक. नवरा मरायला का निघाला आहे ते मला समजत नाही, असे ती त्याच्या तोंडावर सांगते. पुष्कळांना वाटते, ही बाई त्या थोर नाटकातील सामान्य भाग. पण इतिहास काय सांगतो? मोर बंदिवासात असताना त्यांच्या व त्यांच्या नोकराच्या खाण्यापिण्याचा आठवड्याचा खर्च कुटुंबाकडून वसूल केला जाई, आणि तो भरण्यासाठी आपण अंगावरची वस्त्रे विकली, असे ॲलिसने राजाच्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात नमूद आहे. सद्‌सद्विवेकासाठी तुरुंगात बसलेल्या संताची भाकरी तिच्या विकलेल्या लुगड्यांतून येत होती, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. १९३५ साली मोर संतपदाला पोहोचले. ॲलिसचा सण आपल्या पंचांगात नाही.

मोर यांच्या बाबतीत एक फरक मात्र सांगितलाच पाहिजे, नाहीतर माझा युक्तिवाद आंधळा ठरेल. खोटी शपथ घे नाहीतर मर, असा पेच राजाने त्यांच्यापुढे टाकला होता. तेथे पत्नीच्या संमतीनेही खोटी शपथ घेता आली नसती; पाप करायला कोणाचीच संमती पुरत नाही. काही ‘नाही’ असे असतात की, ते एकट्यानेच म्हणावे लागतात. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या मानेवर राजाची कुऱ्हाड आहे? आपण बहुतेक वेळा निवडतो ती सत्कार्ये असतात. ही समिती की ती, इतकी देणगी की तितकी, हा रविवार घरी की मंडळाच्या बैठकीत. पाप टाळण्यासाठी एकट्याने उभे राहणे वेगळे आणि आपल्या आवडीच्या पुण्यासाठी घराला न विचारता राबविणे वेगळे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देणे ही आपल्या भल्या माणसांची आवडती पळवाट आहे.

सोलापूरच्या वाचकाला तर मी बायबलमधील एक पान मुद्दाम उघडून दाखवीन. आपल्या कॅथॉलिक बायबलमध्ये तोबीतचा ग्रंथ आहे. तोबीत हा देवभीरू मनुष्य. दानधर्म करणारा, जिवाची पर्वा न करता बेवारस प्रेतांना मूठमाती देणारा. तो आंधळा होतो. मग घर कोण चालविते? त्याची पत्नी हन्ना. ती विणकाम करून मजुरीवर कापड देते. एकदा मालक खूश होऊन मजुरीबरोबर एक करडूही देतो. घरात करडाचा आवाज ऐकून हा सत्पुरुष बायकोवर चोरीचा आळ घेतो. ते परत कर म्हणून हटून बसतो. ती सांगते, हे मला बक्षीस मिळाले आहे. तो विश्वास ठेवीत नाही. तेव्हा ती उसळून विचारते की, तुझा तो दानधर्म आणि तुझी ती सत्कृत्ये आता कुठे गेली? या एका प्रश्नानंतर तोबीत रडू लागतो आणि प्रार्थनेला बसतो. जगाशी उदार असलेला माणूस घरातल्या बाईच्या शब्दावर साधा विश्वास ठेवू शकत नव्हता, हे तिने त्याला दाखविले. पवित्र आत्म्याने हा संवाद शास्त्रातून गाळू दिला नाही. मग आपण तो प्रवचनातून का गाळतो?

विणकराच्या मजुरीवर चाललेले ते घर निनवेचे होते. पण ते आपल्या सोलापुरातही सापडेल. येथील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले, तेव्हा शेकडो घरांतील चूल विझली नाही ती विड्या वळणाऱ्या स्त्रियांमुळे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, बोटांना दोऱ्याचा घट्टा. हजार विड्यांवर मजुरी. पुरुष युनियनच्या सभेला गेला, मोर्चाला गेला, तत्त्वासाठी लढला, आणि बहुतेक वेळा ते तत्त्व न्याय्यच होते. पण सभेत त्याचे भाषण झाले तेव्हा त्या संध्याकाळच्या ज्वारीचे पैसे कोणाच्या बोटांतून आले होते, याचा उल्लेख त्या भाषणात आला काय? चळवळीच्या इतिहासात नेत्यांची नावे असतात. सुपाचे नाव कोणी लिहीत नाही.

आणि धर्मग्रामाचे आपले चित्र काही निराळे नाही. मंडळाचे चिटणीस, गायनवृंदाचे प्रमुख, सणाच्या तयारीचे कार्यवाह ही सारी माणसे चांगली आहेत, आणि त्यांच्यावाचून धर्मगुरूचे पान हलत नाही. वर्षाच्या शेवटी आपण त्यांना शाल व श्रीफळ देतो. मग निवेदक म्हणतो, ‘आणि यांच्या सौभाग्यवतींनी जी मूक साथ दिली त्याबद्दल...’ आणि ती बाई पदर सावरीत वर येते, फूल घेते, खाली जाते. मला या ‘मूक’ शब्दाचा राग आहे. ती मूक नव्हती. घरी तिने पुष्कळ सांगितले होते. ऐकणारे कान बैठकीला गेले होते. आपण तिला आधी ऐकत नाही आणि मग तिच्या मौनाचा सत्कार करतो!

कोणी म्हणेल, पण बयोने अखेर साथ दिलीच ना? तिने नानासाहेबांवर प्रेम केले, त्यांच्यासाठी जगाशी भांडली. होय, आणि याच ठिकाणी ती सर्वांत मोठी दिसते. पण तिने दिलेले आणि तिच्याकडून घेतलेले, यांत फरक करायला शिका. तिचे प्रेम ही देणगी होती. तिची सुरक्षितता, तिच्या मुलांचे बालपण, तिचा आश्रमातला वावर ही वसुली होती. देणगी देणाऱ्याचे आभार मानावेत. वसुली झालेल्याची क्षमा मागावी. आपण दोन्हींना ‘त्याग’ असे एकच नाव देऊन आभारांवर भागवितो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील पत्नीच्या अधीनतेचा उतारा आपल्याला पाठ असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर लिहिलेल्या प्रेषितीय पत्रात स्पष्ट केले आहे की, ती अधीनता परस्परांची आहे. ख्रिस्ताच्या भीतीने दोघांनी एकमेकांच्या अधीन व्हावयाचे आहे. ज्या घरात एकच जण अधीन आहे त्या घराने तो उतारा अर्धाच वाचला आहे.

राहता राहिली ती सावलीची प्रतिमा. कानेटकरांनी नाटकाला ते नाव दिले, पण त्यांनी लिहिलेली बयो त्या नावात मावत नाही, आणि हे नाटककाराचे यशच मानले पाहिजे. सावलीला वजन नसते, भूक नसते, तिला मुले नसतात, ती हिशेब मागत नाही. बयो हे सारे करते. आणि जिच्यावरून ती सुचली ती बाया तर त्याही पुढे गेली. तिने १९४४ साली ‘माझे पुराण’ या नावाने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. १९५० साली तिचा मृत्यू झाला, त्याआधी आपली बाजू आपल्या शब्दांत ठेवून ती गेली. सावल्या पुस्तके लिहीत नाहीत. महर्षींचे चरित्र ज्या कपाटात आहे त्याच कपाटात, त्याच्या शेजारी, ते पुस्तक ठेवावे. एकावाचून दुसरे वाचले तर घर अर्धेच दिसते.

माझी मागणी मोठी नाही. विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील कर्तबगार स्त्रीची स्तुती आपण शिकवितोच; तिच्या जोडीला तोबीतच्या ग्रंथाचा दुसरा अध्यायही शिकवावा. धर्मग्रामाच्या कोणत्याही पदासाठी विवाहित माणसाचे नाव सुचविताना, स्त्री असो वा पुरुष, तिच्या किंवा त्याच्या जोडीदाराला आधी विचारावे आणि ‘नाही’ हे उत्तर आले तर त्याचा मान राखावा. डिकनसाठी जो नियम, तो चिटणिसासाठी का नको? मोठी देणगी, बचत किंवा विमा कोणत्याही सत्कार्याला देण्याआधी घरात बसून दोघांनी तो कागद वाचावा. आणि पुढच्या सत्काराच्या वेळी फूल देऊन बाईला खाली पाठवू नये. ध्वनिक्षेपक तिच्या हाती द्यावा आणि या वर्षात घराने काय सोसले ते तिला सांगू द्यावे. ते ऐकताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होईल. तोबीतलाही झाले होते. आणि त्याची खरी प्रार्थना त्यानंतरच सुरू झाली.